दगडफुलाची पैज

त्या साली गडचिरोलीत ऊन असं पडलं की आरमोरीच्या रस्त्यावर एका माणसाची चप्पल डांबरात रुतली. ती काढाले वाकला तर दुसरीबी रुतली. बिचारा तसाच उभा राहिला, अन् एसटीवाल्यांनी त्याच्या गळ्यात थांब्याची पाटी अडकवून टाकली. खोटं वाटत असंल तर जाऊन पाहा. आता जरा वाकला आहे, पण बस थांबते.

अशा उन्हात सारं गाव पाण्याच्या मागं लागलं होतं. माठ, रांजण, झाडाले टांगलेली पाखरांची बोळकी, सगळी काठोकाठ. एकट्या रुपालीच्या खोलीत एक जीव तहानलेला होता, अन् त्याले पाणी द्यायची तिची हिंमत होत नव्हती.

तो जीव फळीवरच्या काचेच्या बरणीत होता. बरणीच्या तळाशी निळे खडे, हवेतली ओल चोखून घेणारे. त्याच्यावर एक चपटी काचेची बशी, अन् बशीत काळपट तपकिरी तुकडे, मोठ्यात मोठा हरभऱ्याएवढा. पाहणाऱ्याले वाटावं, मसाला भाजतांना करपला.

देवकाबाईले तसंच वाटलं होतं. देवकाबाई म्हणजे घरमालकीण. पुढच्या दोन खोल्यांत ती एकटी राहे, मागची खोली रुपालीले भाड्यानं दिली होती. तिचा नवरा इस्तारी, तलावावर जाळं टाकणारा, वारून लय वर्षं झाली. पण त्यानं एकदा धरलेला मरळ मासा अजून मेला नव्हता. दरवर्षी देवकाबाईच्या तोंडात तो वीतभर वाढे. त्या उन्हाळ्यात त्याचं शेपूट बैलगाडीच्या बाहेर लोंबाले लागलं होतं.

"काय वं म्याडम, हे काय जाळून ठेवलं?" तिनं पहिल्यांदा बरणी पाहिली तवा विचारलं होतं.

"जाळलं नाई बाई. दगडफूल आहे. म्हणजे अर्धं दगडफूल."

"अर्धं? अन् बाकीचं अर्धं कोनं खाल्लं?"

रुपाली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवे. पोरांले शिकवतांना तिचा आवाज चढे, घरी मात्र ती तोंड उघडे ते जेवाले. पण दगडफुलाचं विचारलं की तिची कळी खुले. तिनं सांगितलं, "मसाल्यात टाकता ना, ते दगडफूल एक जीव नाई. दोन आहेत. एक बुरशी अन् एक शेवाळ. बुरशी घर बांधते, भिंती, छप्पर सगळं. शेवाळ आत बसून उन्हावर साखर रांधते अन् बुरशीले खाऊ घालते."

"म्हंजे घरजावई."

"घरजावईच म्हणा."

"रांधनारा घरजावई!" देवकाबाईनं गालाले बोट लावलं. "असा मले काऊन नाई भेटला वं? माह्यावाला तर मासोळी आनून टाके अन् लंबा होये."

तर बरणीत होती ती नुसती बुरशी. घरजावयाबिगरची. अन् तिची गोष्ट सांगायची तर आधी लालसूची सांगावी लागते.

लालसू धानोऱ्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा. गावात कॉलेज शिकलेला तो पहिला. नागपूरले रुपालीच्या वर्गात होता, पुढं गडचिरोलीच्या कॉलेजात तिच्याच बाजूच्या टेबलावर मास्तर म्हणून बसला. रुपाली नागभीडकडची, ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची, पोरगी. ती मधात हैद्राबादले जाऊन जीन कशा वाचायच्या ते शिकून आली होती. लालसू कुठी गेला नाई. त्याले येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावरचं प्रत्येक दगडफूल सोयऱ्यासारखं ओळखू येई.

दोघांनी मिळून एकच गोष्ट धरली होती. दगडफूल उन्हाळ्यात पापडासारखं वाळते, बोटानं चुरा होते, महिनेच्या महिने तसंच पडून राहते. अन् पाण्याचा शिंतोडा पडला की उठून बसते. कसं? दुसऱ्या कोण्याबी जिवाचं पाणी गेलं की त्याच्या आतल्या भिंती पडतात, उन्हाची आग आत शिरते, खेळ खलास. हे काऊन मरत नाई?

रुपालीनं हैद्राबादेत जे वाचलं ते असं. बुरशीच्या पोटात त्या कामाच्या जीन आहेत. एक जीन म्हणते, साखर साठव, ती भिंतीत कोंब, म्हणजे पाणी गेलं तरी भिंत टेकून राहील. ओले बूट वाळवतांना आपण आत कागद कोंबतो ना, आकार जाऊ नये म्हणून, तसं. दुसरी म्हणते, आग विझवणारं काही तयार ठेव. तिसरी म्हणते, आतला सामान मोडला तर दुरुस्तीचा माणूस दारात बसवून ठेव. अन् गंमत अशी की हे निरोप दुष्काळ आल्यावर सुटत नाईत, आधीच सुटून पडलेले असतात. मिरगाआधी आपण छपराचे कवेलू फेरतो. थेंब डोक्यावर पडल्यावर शिडी शोधणारा माणूस वेगळा, अन् चैतातच छपरावर चढणारा वेगळा. दगडफूल चैतात चढणारं.

इथपर्यंत दोघांचं जमे. पुढं भांडण.

"जीन बुरशीची आहे, हे मले मान्य," लालसू म्हणे. "पण निरोप सोडायले तिले सांगते कोण? शेवाळ सांगते. ते जवळ नसंल तर बुरशी कवेलू फेरणारच नाई. कोणासाठी फेरंल?"

"स्वतःसाठी फेरंल. जीन तिची, घर तिचं."

"एकटा माणूस घर शाकारते का वं? मी तर तीन वर्षांपासून गळक्या खोलीत राहून राह्यलो."

"तू आळशी आहेस. बुरशी नाई."

मग बुरशी एकटी वाढवायचं ठरलं. दगडफुलावर कधी कधी बारीक वाट्या येतात. त्या वाट्या बशीच्या झाकणाले उलट्या चिकटवायच्या, खाली खिरीसारखा गोठलेला थर ओतायचा. वाट्यांतून बुरशीचं बीज उडते अन् थरावर पडते. एकेक कण सुईनं उचलून वेगळ्या बशीत मांडायचा. रुपालीचा हात या कामाले कापे. लालसूचा हात असा स्थिर की त्यानं एकदा उडत्या मच्छराच्या मिशा कातरल्या होत्या, अन् मच्छर लगनाले गेला तवा त्याले सगळ्यांनी विचारलं, कोण्या न्हाव्याकडं गेला होता. तर ते सगळं लालसूनंच मांडलं.

बुरशीले उजेड लागत नाई, म्हणून बश्या अंधाऱ्या कपाटात. अन् मग वाट पाहणं. ती बुरशी वाढे म्हणजे काय वाढे, देवाले वाटलं असंल आपण हिले बनवून विसरलो. मधातच लाईट जाऊ लागली, दिवसदिवस नाई. कपाट तापे, बश्यांवर साधी पांढरी बुरशी कापसासारखी चढे. एकेक करत सगळ्या फेकाव्या लागल्या. उरली एक. ती लालसूनं काळ्या कागदात गुंडाळून खालच्या कोपऱ्यात ठेवली होती.

"ही उघडू नको," तो म्हणे. "माझी लाडकी आहे. तुह्या हाताची भांडखोर बुरशी लागंल हिले."

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या दिवशी दोघं कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा पीत होते. बशीतले तुकडे आता वाळवायच्या जोगे झाले होते. लालसू गावाले निघाला होता, धान कापणीले. त्याची पिशवी बाकावर होती.

"दोघं असले तरच उन्हाळा निघते, रुपाली," तो म्हणाला. असं म्हणून तो चहात पाहत बसला. चहात काही नव्हतं, तरी लय वेळ पाहत बसला.

रुपालीले समजलं नाई असं नाई. समजलं, म्हणूनच ती तडकली. "एकटीबी निघते," ती म्हणाली.

"लाव पैज."

"लाव."

"एकटी वाळून जगली तर मी भर वर्गात कान धरून उठाबशा काढीन. अन् मेली तर तू माझ्या गावाले यायचं. माझ्या मायसमोर म्हणायचं, हारली मी. माय तुले जेवू घालंल."

"तुह्या गावाले बस नाई जात."

"बस नाई जात, पाय जातात ना?"

त्याची गाडी आली अन् तो गेला. धान कापता कापता त्याले ताप आला. तिकडं ताप तर सगळ्यांलेच येते, म्हणून कोणी मनावर घेतलं नाई. तो मेंदूत चढला. खाटेवर टाकून दवाखान्याकडं आणतांना वाटेतच संपला. कॉलेजात बातमी आली, सगळे उभे राहून चूप झाले, मग घंटा झाली अन् वर्ग भरले. तिघंचौघं त्याच्या गावाले जाऊन आले. रुपाली नाई गेली. कोण म्हणून जायचं? टेबलाच्या बाजूची म्हणून?

तिनं एकच केलं. ठरल्याप्रमाणं ती बशी निळ्या खड्यांच्या बरणीत ठेवली अन् झाकण घट्ट लावलं. महिनाभर वाळवायचं, मग पाणी द्यायचं, मग पाहायचं.

महिना झाला. तिनं पाणी दिलं नाई. थंडी गेली, मोह टपकून गेला, तेंदूपत्त्याची तोड लागली, तरी दिलं नाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजाले कुलूप लागणार म्हणून बरणी तिनं घरी आणली.

अडचण अशी होती. पाणी दिलं अन् बुरशी मेलेली निघाली, तर लालसूच्या हातची शेवटची गोष्ट गेली. अन् जिवंत निघाली, तर पैज रुपालीनं जिकली. एकटीबी निघते, हे खरं झालं. ज्यानं उठाबशा काढायच्या तो नाई, अन् खरं मात्र झालं. मग जलमभर तेच खरं. म्हणून ती रोज सकाळी बरणी पुसे अन् परत फळीवर ठेवे. कोरडं आहे तोवर काहीच झालं नाई.

देवकाबाई दारातून पाहे. "मानूस देवाले पुसते, तू बरनीले पुसते. अवं, मेलं का जितं आहे ते?"

"पाणी दिल्याबिगर समजत नाई बाई."

"मंग दे ना बाप्पा पानी!"

"देईन."

"तुहं देईन म्हंजे आमदाराच्या नळासारखं आहे."

अशात अखजी आली. अक्षय तृतीया हो. आमच्याकडं त्या दिवशी मेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. वर्षभराची तहान त्यांची त्या पाण्यानं भागते. देवकाबाईनं सकाळीच ओसरीत कोऱ्या घागरी मांडल्या, वर आंबा ठेवला. एक इस्तारीची, एक सासऱ्याची, एक सासूची.

"सासू जितेपनी माह्या पान्याले नावं ठेवे," ती म्हणाली. "म्हने चिखलाचा वास येते. आता येते गपचूप प्याले. तुह्या कोनासाठी भरू वं?"

"मायबापाची घागर भाऊ भरते, नागभीडले."

"अन् दुसऱ्या कोनासाठी?"

"दुसरं कोणी नाई," रुपाली म्हणाली अन् छत्री उघडून पेपर तपासाले कॉलेजात गेली.

दुपारी परत आली तवा ओसरीतल्या घागरींच्या रांगेत शेवटी काचेची बशी होती. बशीत काठोकाठ पाणी. बाजूले कण्हेरीचं एक फूल. तुकडे पाण्यात फुगून वर आले होते, अन् पाण्याले चहाचा रंग चढला होता.

रुपालीच्या हातातून पेपरांचं बंडल पडलं.

"हे कोणं केलं?"

"कोन करंल? म्या केलं," देवकाबाई मोठ्या खुशीत बोल्ली. "तूच म्हने, मेलं का जितं ते पानी दिल्याबिगर समजत नाई. आज मेल्यालेच पानी देतेत. मेलं असंल त त्याले पोचलं. जितं असंल त पिईल. दोन्हीकडून नुकसान कोनाचं?"

रुपालीले तो रंग दिसत होता. जिवाची भिंत फुटली की आतलं सगळं पाण्यात उतरते, साखर, मीठ, सगळं. चहाचा रंग म्हणजे भिंती फुटल्या. वरून ते माठाचं पाणी, त्यात जगभरची बुरशी.

"तुमचे मेलेले तुमच्यापाशी ठेवा," ती ओरडली. आवाज असा की सासूची घागर कलंडली. "माझ्याले हात लावायचा नाई! कोणं सांगितलं होतं तुमाले? उठसूट दुसऱ्याच्या घरात नाक खुपसाचं! एकट्या राहता म्हणून साऱ्या गावाचे मेलेले तुमचेच का?"

देवकाबाईच्या तोंडातला मरळ त्या दिवशी पहिल्यांदा मेला. सासूची घागर तिनं उभी केली. मग हळूच म्हणाली, "तुह्यं होतं, तर तू काऊन नाई दिलं पानी?"

रुपालीनं बशी उचलली. फेकाले म्हणून मागच्या अंगणात गेली. फेकवलं नाई. खिडकीच्या बाहेरच्या फळीवर, तुळशीजवळ, आदळून ठेवली अन् खिडकी लावून घेतली.

मग त्या घरात दोन बाया होत्या अन् आवाज एकीचाही नव्हता. एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या खोलीत जाई, तेवढंच काय ते येणंजाणं. सकाळी दारात आंबिलीचा गंज झाकून ठेवलेला असे. रुपाली तो पिऊन, घासून परत ठेवे. खिडकी उघडत नव्हती. बंद खिडकीमागं काय चाललं होतं ते तिले माहीत होतं असं तिले वाटे: पांढरा कापूस, मग काळा कापूस, मग मुंग्या. हारली म्हणावं तर पाण्यानं खराब झालेला प्रयोग. जिकली म्हणावं तर समोर मढं. पैज लावणारा नाई, पैज लागलेली बुरशी नाई, उरली ती एकटी. अन् ती तर कोणी वाळवून पाहिली नव्हती.

एके दिवशी सकाळीच खिडकी बाहेरून ठोकल्या गेली.

"म्याडम."

रुपालीनं चादर डोक्यावरून ओढली.

"म्याडम, भांडन मंग करजो. तुह्या त्या करपटात एक हिरवं झालं."

खिडकी उघडली. देवकाबाई हातात गडवा घेऊन उभी होती. रोज तुळशीले पाणी घालतांना बशीतही चूळभर शिंपडत होती, बाई! चोरी सापडली म्हणून गडवा तिनं पाठीमागं लपवला, अन् अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

बशीत कापूस होताच. तुकडे त्याच्याखाली काळे पडून चिखल झाले होते. एक मात्र, काठाजवळचा, तो हरभऱ्याएवढा, त्याच्यावर कापूस चढला नव्हता. तो नीट गोल होता. अन् एका अंगाले, बाळाच्या नखाएवढ्या जागेत, हिरवा होता.

"तुमच्या माठाचं शेवाळ आहे हे," रुपाली म्हणाली. पण बशी तिनं दोन्ही हातांनी उचलून आत घेतली.

"माह्या माठाले नावं ठेवू नोको. सासू झाली का तू?"

रुपालीनं त्या तुकड्याचा कोपरा सुईनं खरवडला. माठाच्या तळाचं शेवाळही एका शिशीत घेतलं. कॉलेजात चौकीदारानं खोली उघडून दिली. लाईट नव्हती. तिनं जुना, आरशावर चालणारा सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेला, उन्हाकडं आरसा वळवला.

माठाचं शेवाळ आधी पाहिलं. लांब लांब धागे, गुंतलेल्या केसांसारखे.

मग दुसरं. धागे नव्हते. गोल गोल गोळे, अन् प्रत्येकाच्या पोटात हिरवी चांदणी. दगडफुलाचं शेवाळ. त्याच्यासारखं दुसरं नसते. अन् प्रत्येक गोळ्याले बुरशीच्या बारीक दोऱ्यांनी वेढून धरलं होतं, चिमणीच्या पिल्लाले मुठीत धरावं तसं, घट्ट नाई अन् सैलही नाई. ती पकड काही दिवसांत बसत नाई. महिने लागतात. म्हणजे ते शेवाळ अखजीच्या पाण्यातून आलं नव्हतं. आधीपासून होतं. अंधाऱ्या कपाटात, काळ्या कागदात, भुकेलं, पांढुरकं, दिसणार नाई असं; पण होतं. वाळतांना होतं. सारा उन्हाळा होतं. आता खिडकीत उजेड मिळाला तवा हिरवं झालं.

अन् बशीत हात एकाच माणसाचा लागला होता. उडत्या मच्छराच्या मिशा कातरणारा हात. तो चुकून चुकणारा हात नव्हता.

ही उघडू नको. माझी लाडकी आहे.

"लबाड," रुपाली म्हणाली. "लबाड, लबाड, लबाड." रिकाम्या खोलीत ती हसाले लागली. बाहेर चौकीदारानं डोकं घालून पाहिलं, की म्याडमले ऊन लागलं का. तो पाहून गेला तवर हसू दुसरंच काहीतरी झालं होतं.

कागदावर हे काहीच नव्हतं. भेसळ झालेली बशी, माठाचं पाणी, कापूस चढलेले तुकडे. शास्त्राच्या नजरेत प्रयोग बाद. बाकीचे तुकडे एकटे होते म्हणून मेले की पाण्यानं सडले, कोण सांगणार? एकटीचं काय होते, हा प्रश्न होता तिथीच राहिला, परत पहिल्यापासून वाट्या चिकटवाव्या लागतील. पण पैज शास्त्राची कुठी होती? जगला तो एकच तुकडा, अन् तो जोडीनं जगला.

घरी येऊन तिनं देवकाबाईले सगळं सांगितलं. देवकाबाईनं ऐकून घेतलं, मधात एकदाही मासा आणला नाई.

"मग मी हारली का बाई?"

"त्यानं लबाडी केली ना?"

"केली."

"लबाडीनं जिकला त्यालेबी जिकलाच म्हनतेत. नाई त निवडनुका कायले होतेत?" मग तिनं विचारलं, "तो तुले हारवून कुठी न्यायचं म्हने?"

"त्याच्या गावाले. मायपाशी."

"मंग जा ना वं. का मी येऊ संगं?"

"एकटी जाते."

"जा. एकटी जाऊन सांगजो, एकटीनं निघत नाई म्हनून." देवकाबाई आपल्याच बोलण्यावर खूश होऊन खोकलत हसली. मग म्हणाली, "अन् संध्याकाळी येजो वापस. मी आंबील तुह्यीबी टाकतो."

धानोऱ्यापर्यंत बस. पुढं पाय. वाटेत येनाची झाडं, अन् झाडांवर दगडफुलं, वाळलेली, राखाडी, मेल्याचं सोंग घेतलेली. गावाच्या अलीकडं मोठ्या झाडांखाली मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड होते. जुन्यांवर दगडफुलाचे डाग चढले होते. एक नवा होता, अंगावर काही नसलेला. रुपालीले कोणाले विचारावं लागलं नाई. ती थोडी उभी राहिली अन् पुढं गेली.

लालसूची माय मंगली अंगणात टोरी फोडत बसली होती, मोहाच्या बिया. बाप लहानपणीच वारला होता, हे लालसूनंच सांगितलं होतं. घरात दुसरं कोणी दिसलं नाई.

"जोहार," रुपाली म्हणाली.

मंगलीनं वर पाहिलं. नजर चष्म्यावर थांबली. "तू चस्म्याची ना?"

"हाव."

"लालसू सांगे. एक चस्म्याची आहे, लय भांडते म्हने." तिची मराठी अडखळत येई, गोंडीतून वाट काढत. "मी म्हनो, आन ना तिले घरी. तं तो म्हने, ते हारल्याबिगर येत नाई. मी बंदोबस्त केला म्हने. येईल."

रुपालीनं लय शब्द जुळवून आणले होते. शेवाळ, बुरशी, काळा कागद, सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. त्यातलं काहीच निघालं नाई.

"हारली मी," ती म्हणाली.

मंगलीनं मान हलवली, जशी काही धान्याची गाडी उशिरा पोचली पण पोचली. उठून आत गेली. वाळल्या भोपळ्याचा तुंबा घेऊन आली अन् रुपालीच्या ओंजळीत पाणी ओतलं. थंडगार. चिखलाचा वास होता त्याले. रुपाली प्याली, परत ओंजळ पुढं केली, परत प्याली.

मग तिनं पिशवीतून डबी काढली. ओल्या कापडावर तो हरभऱ्याएवढा तुकडा. "हे लालसूनं केलं," ती म्हणाली.

मंगलीनं तो चिमटीत घेतला, उन्हात धरला, नाकाशी नेला. "मसाल्याचं फूल."

"हाव."

"येवढुसं?" मंगली हसली. समोरचे दात नव्हते. "इतकं शिकला पोरगा अन् येवढुसं केलं! याच्यानं त एका मानसाच्या भाजीलेबी वास नाई येनार." पण तिनं तो डबीत परत ठेवला, नीट, हिरवं अंग वर करून. अन् चुलीवरच्या गंजात आणखी एक मूठ तांदूळ टाकले.

दोघी पळसाच्या पानावर जेवल्या. बोलणं थोडंसंच झालं. एकीले मराठी पुरत नव्हती, दुसरीले गोंडी येत नव्हती. उन्हं कलली तशी रुपाली उठली. शेवटची बस धानोऱ्याहून होती. मंगली तिले कुंपणापर्यंत सोडाले आली.

"आता कवा येशील? का परत पैज लागंल तवा?"

"आता पैज कोणासंगं लावू?" रुपाली म्हणाली.

मंगलीनं पायवाटेकडं पाहिलं, त्या दगडांच्या दिशेनं.

"माह्यासंगं लाव," ती म्हणाली. "मी म्हनतो, तू नाई येत."